पांढरं पथ्य

सकाळी दार उघडलं तरी पारूबाई लगेच अंगणात उतरायची नाही. उंबऱ्याच्या आतच उभी राहायची आणि घरातल्या एकेकाला हाक मारून उजेडाकडं तोंड करायला लावायची. मग अंगठ्यानं डोळ्याखालची कातडी हलकेच खाली ओढून आतला पांढरा भाग बघायची. "जा," म्हणाली की माणूस मोकळा.

तिचा मुलगा जगन लग्न होऊन बाप झाला, तरी यातून सुटला नव्हता. चूळ भरता भरताच तो वाकून डोळा पुढं करायचा. सून बनाबाई नवी होती तेव्हा एकदा हसू दाबत म्हणाली होती, "आमच्या माहेरी बाजारात बैल घेताना असं बघत्यात, आत्याबाई."

"आन् बैल गप हुबा ऱ्हातो," पारूबाई म्हणाली. "तू का हलतीस?"

पारूबाई काविळीचं औषध द्यायची. पाली गावाच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या उतारावर पंधरावीस घरांची वाडी. पण औषधासाठी गुंजवण्याकडची माणसंसुद्धा पहाटे चढून यायची. औषध साधंच होतं, भुईआवळी वाटून गाईच्या दुधातून, अनशापोटी. ते तिला सासूकडून मिळालं होतं आणि औषधाबरोबर त्याचे नियमही. पैसा घ्यायचा नाही. आलेल्याला परत धाडायचं नाही. आणि पथ्य मोडू द्यायचं नाही. औषधापेक्षा पथ्य मोठं, असं सासू सांगायची. तेल नाही, तिखट नाही, हळद तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कालवणातही नाही. पिवळं काहीच पोटात जायचं नाही. खायचं ते पांढरं. म्हणजे भाताची पातळ पेज, ताक, वर चिमूटभर मीठ. अंगातला पिवळा रंग पांढऱ्यानं धुऊन निघतो, हे वाडीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. बहुतेक माणसं बरी व्हायची. बरं झालेला नारळ आणून उंबऱ्यात ठेवायचा आणि पारूबाई तो फोडून अर्धा त्यालाच परत द्यायची.

मग दुष्काळ आला. त्या वर्षी भात पोटरीतच, दाणा धरायच्या आधीच वाळलं आणि उन्हाळ्यात लोकांनी भाताचं बी शिजवून खाल्लं. त्यानंतरच्या मिरगाला खाचरं पाण्यानं भरली, पण त्यात पेरायला कुणाच्या घरात मूठभर बी नव्हतं. सरकारनं वाटलेल्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या लाल भाकरी खाऊन लोक कंटाळले होते. वाडीचा जाणता माणूस रखमाजी, त्यानं नसरापूरच्या बाजारातून पांढऱ्या मक्याचं बी आणलं. मका लवकर हाताशी येतो, उतारावरही येतो, असं त्याला कुणी सांगितलं होतं. एरवी परसात चार ताटं लावायचा मका त्या साली सगळ्या उतारावर उभा राहिला.

कणसाला केस फुटले त्या दिवसांत पावसानं पाठ फिरवली. ताटं माना टाकून उभी राहिली. आणि कणसं भरून काढणीला आली, तेव्हा तोच पाऊस जो बसला तो दसरा गेला तरी उठेना. काढावं तर वाळवायला ऊन नाही, ठेवावं तर ताटावरच कणीस भिजतंय. शेवटी लोकांनी ओली कणसं सालीसकट घरात आणून कोपऱ्यांत रचली. ढिगात हात घातला की आत ऊब लागायची, जणू काही जनावर निजलंय.

ऊन पडल्यावर साली निघाल्या. कुठं टोकाला, कुठं अर्ध्या कणसाला हिरवट-करडा बुरा धरलेला. सोलताना धूळ उडायची आणि खोकला यायचा. शेजारचा चिमाजी सोलायला बसला होता. पारूबाईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, जिभेला हाड नसलेला म्हातारा. त्यानं एक कणीस उचलून ओठाशी धरलं.

"वयनी, बघा की. कणसालाबी मिसरूड फुटली. आता ह्येचं लगीन कराया पायजे."

"तुमच्या मिशीपरास बरी हाय," पारूबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

टाकून द्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. दुष्काळ नुकता अंगावरून गेलेला. धान्य टाकायचं म्हणजे काय, हे कळण्याचीही शक्ती लोकांत उरली नव्हती. दाणे काढले, पाण्यात चोळून धुतले, राख लावली, गोधडीवर पसरून वाळवले. बुरा गेला. दाणा पुन्हा पांढरा दिसायला लागला. भाकरीला जरा कडवट चव येते, एवढंच बायका म्हणायच्या. अगदीच काळा पडलेला दाणा शिजवून कुत्र्याला घातला. जगनचं कुत्रं आठवड्याभरात खायचं थांबलं आणि गोठ्याच्या मागं जाऊन मेलं. पान लागलं असंल, साप डसला असंल, असं सगळे म्हणाले. कुत्र्याचा डोळा कोण बघतं?

दिवाळी झाल्यावर पहिला पिवळा पडला तो चिमाजी. मग खालच्या घरातली बाई, मग रखमाजीचा पुतण्या. रोज पहाटे पारूबाईच्या उंबऱ्यापुढं कुणीतरी बसलेलं असायचं. एवढी कावीळ तिनं एका हंगामात कधी पाहिली नव्हती. भुईआवळी शोधायला ती लांबच्या बांधांपर्यंत जायला लागली. तिला थकवा येत नव्हता. उलट आपली गरज आहे, या जाणिवेनं ती भराभर चालायची.

अडचण एकच होती. पेजेला तांदूळ कुणाकडंच नव्हते.

पारूबाईनं त्यावर विचार केला. पांढरं हवं, हलकं हवं, तेलाविना शिजणारं हवं. तिच्या कणगीत तिनं स्वतः धुतलेला, निवडलेला मका होता. तिनं तो जात्यावर भरडला, पाखडला, त्याच्या कण्या शिजवून पाहिल्या. पेजेसारख्याच पांढऱ्या दिसत होत्या. तिनं जाहीर केलं, औषध घेणाऱ्यानं दोन्ही वेळा मक्याच्या कण्या आणि ताक घ्यायचं, दुसरं काही नाही. ज्याच्याकडं चांगला दाणा नव्हता त्याच्या पदरात तिनं स्वतःच्या कणगीतल्या कण्या घातल्या.

चिमाजी पहिल्याच दिवशी कुरकुरला. "वयनी, म्हातारपणी मला कोंबडी करता काय? मका टोचून टोचून चोच आली मला."

"औषध पायजे का न्हाई, भावजी?"

"पायजे की. पर संगं एखादं सुकटीचं कालवण..."

"तेलाचा वास जरी घेतला तरी माझ्या दारात यायचं न्हाई."

तो दोन दिवस आला आणि तिसऱ्या दिवशी आला नाही. लेकीकडं, वरवे बुद्रुकला पळाला, असं त्याच्या बायकोनं तोंड लपवत सांगितलं. "मराया गेला," पारूबाई म्हणाली. ती मनापासून चिडली होती, कारण तिला मनापासून वाईट वाटलं होतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी जगनच्या डोळ्यावरून तिचा अंगठा लवकर निघाला नाही.

"काय झालं, आये?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई. आजपासनं तुझं पथ्य."

जगन हसला. तो साधा, ताकदीचा गडी होता. आईचं औषध चुकत नाही यावर त्याचा विश्वास होता, आणि पथ्य पाळण्यात एक प्रकारचा मानही होता. औषधवालीचाच पोरगा मोडायला लागला तर लोक काय म्हणतील? घरात मडक्याच्या तळाला थोडी नाचणी उरली होती. ती बना आणि पारूबाई खायच्या. अंगावरची पोर कमळा आईच्या दुधावर होती. पांढरा मका सगळा जगनसाठी राखला. पारूबाई स्वतः रांधायची, स्वतः वाढायची आणि तो ताट चाटून पुसून खाईपर्यंत पुढ्यात बसायची. त्याला मळमळायचं. तो नको म्हणायचा आणि मग डोळे मिटून गिळायचा.

"आजून दोन घास," ती म्हणायची. "पोटात गेलं तर रोग भाईर पडंल."

रोग बाहेर पडेना. डोळे पिवळ्याचे गर्द पिवळे झाले. मग पाय सुजले, आणि हातापायांच्या काड्या होत असताना पोट मात्र डेऱ्यासारखं वर आलं. बना रात्रंदिवस बघत होती. एके दुपारी जगनचा डोळा लागला असताना ती सासूजवळ येऊन बसली.

"आत्याबाई, भोरच्या दवाखान्यात नेऊ या त्यांना."

"सुई टोचली की औषध उलटतं."

"मग उलटू द्या! हे काय सुलटं चाललंय व्हय?"

पारूबाईनं तिच्याकडं पाहिलं. सून कधी असं बोलली नव्हती. तिला राग यायला हवा होता. पण बना पदराचं टोक पिळत होती.

"चार दिस," पारूबाई म्हणाली. "त्येनं येकदाबी पथ्य मोडलं न्हाई, पोरी. असा मानूस बरा झाल्याबिगर ऱ्हात न्हाई. चार दिस दे मला."

बनानं ते दिले. न देऊन ती काय करणार होती? बाजेवरच्या माणसाला खाली रस्त्यापर्यंत न्यायचं तर चार खांदेकरी लागणार, आणि पारूबाईच्या शब्दाबाहेर वाडीतला एकही खांदा आला नसता.

त्या चार दिवसांतच चिमाजी परत आला. डोईवर ज्वारीचं गठुडं घेऊन चढण चढला आणि धापा टाकत पारूबाईच्या अंगणात उभा राहिला. ती चुलीवरून उठून बाहेर आली. तिनं त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि डोळ्याखाली अंगठा लावला. आत स्वच्छ पांढरं होतं, म्हाताऱ्या माणसाचं असतं तसं किंचित धुरकट, पण पांढरं.

"कुणाचं औषध घेतलं?"

"कुणाचं न्हाई."

"खोटं बोलू नका, भावजी."

"लेकीची आन. औषध न्हाई, पाला न्हाई." चिमाजी खाली बघायला लागला. "आन् पथ्याचं इचारू नका. सुकट खाल्ली. तेलात परतलेली. लेक म्हनली, बाबा, मरायचंच हाय तर खाऊन मरा. मग खाल्ली बगा, ज्वारीच्या भाकरीसंगं, रोज. मला शिव्या द्या, चार लोकांत द्या."

पारूबाईनं शिव्या दिल्या नाहीत.

"मका?" तिनं विचारलं.

"हां?"

"तिथं मका खाल्ला का?"

"मका कुठला? वरव्यात सगळी ज्वारीच. मका बघितला न्हाई म्हनून तर जीव ऱ्हायला म्हना." हे तो थट्टेनं बोलला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू तसंच अर्धवट राहिलं.

आत चुलीवर कण्या रटरटत होत्या. पारूबाई चुलीपाशी जाऊन उभी राहिली. पांढरी वाफ तिच्या तोंडावर येत होती. खालच्या घरातली बाई पथ्य पाळत होती, ती गेल्या सोमवारी गेली. रखमाजीचा पुतण्या पाळत होता, त्याचं पोट जगनसारखंच वर आलं होतं. आणि मोडणारा हा एकटा अंगणात धडधाकट उभा होता. तिनं चिंधीनं मडकं धरून उतरवलं, परसात नेलं आणि उकिरड्यावर पालथं केलं. मग ती आत येऊन म्हणाली, "बना, बाज काढ. भावजी, चार गडी बोलवा."

मार्गासनीपर्यंत बाज खांद्यावर, तिथून एस्टीनं नसरापूर, आणि नसरापूरहून दुसऱ्या एस्टीनं भोर. एस्टीत जगनचं डोकं बनाच्या मांडीवर होतं. तो मधूनच विचारायचा, "आये, इंजेक्शन दिलं तर चालंल ना?" आणि पारूबाई म्हणायची, "चालंल. समदं चालंल."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी त्याचं पोट बोटानं वाजवून पाहिलं, पापण्या ओढून पाहिल्या, आणि कधीपासून, दारू पितो का, असं एकेक विचारत गेले. शेवटी म्हणाले, "खाण्यात काय होतं?"

"म्या सांगितलं तेच," पारूबाई म्हणाली. "दुसरं काय न्हाई. येकदाबी मोडलं न्हाई त्येनं."

डॉक्टरांनी मक्याबद्दल ऐकून घेतलं. बुरशीमुळं असं होऊ शकतं का, हे त्यांना नक्की सांगता येईना. कणसं आणून दिलीत तर पुण्याला तपासायला धाडतो, म्हणाले. पुढं चिमाजीनं ती नेऊनही दिली. उत्तर आलं की नाही, ते वाडीत कुणाला कधी कळलं नाही. जगन दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शेवटच्या तासात त्याला रक्ताची उलटी झाली आणि तो आईचा हात शोधत होता. त्याचा हात बनानं धरला. पारूबाई भिंतीला टेकून बसली होती.

दहाव्याला वाडी ओढ्यावर जमली. पुरुष पाण्याजवळ, बायका जरा लांब. तांदूळ नव्हतेच, म्हणून रखमाजीनं आपल्या घरच्या मक्याच्या कण्या शिजवून पिंड करून आणले होते. पळसाच्या पानावर ते गोळे पांढरेशुभ्र दिसत होते. ते बघताच पारूबाई बायकांतून उठली आणि सरळ पुरुषांच्या मध्ये गेली. कुणी अडवायच्या आत तिनं पानासकट पिंड उचलले.

"वयनी, हे काय?" रखमाजी ओरडला. "कावळा शिवायचाय आजून!"

"त्येला आता तरी हे घालू नका."

पान तिच्या दोन्ही हातांत होतं आणि ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "बुरा आलेला मका हाय ह्यो. धुतला तरी आत ऱ्हातो. म्या माझ्या हातानं शिजवला आन् पोराला घास घास घातला. त्यो नको म्हनत हुता. रोगानं न्हाई गेला, माझ्या पथ्यानं गेला. खालच्या घरचीबी तशीच गेली. घरात आसंल नसंल ते समदं मातीत पुरा. कोंबडीलाबी घालू नका."

बना बायकांमध्ये बसली होती. पोर तिच्या मांडीवर निजली होती. तिनं मान वर केली नाही.

"आन् मग खायाचं काय?" मागून कुणीतरी विचारलं. "दगड?"

"काल म्हनाली खा, आज म्हनती पुरा," दुसरं कुणी म्हणालं.

पारूबाई ओढ्याच्या काठावर बसली आणि हातानंच माती उकरायला लागली. थोड्या वेळानं चिमाजी तिच्या शेजारी येऊन उकरू लागला. काही घरांनी त्याच दिवशी कणग्या रिकाम्या केल्या. ती माणसं नसरापूरच्या अंगाला रस्त्याच्या कामावर उतरली, ज्वारी विकत घेऊन खाल्ली. काहींनी थोडा मका टाकला आणि थोडा ठेवला. त्या घरांतून माघ संपेपर्यंत माणसं जात राहिली, रखमाजीचा पुतण्याही गेला. शिमग्याला मका संपला, आणि त्याबरोबर कावीळही.

पारूबाईनं पुन्हा कुणाला औषध दिलं नाही. लांबून पहाटे चढून आलेल्या माणसाला ती पाणी द्यायची आणि भोरची एस्टी कुठं थांबते ते सांगायची. काही जण पाया पडायचे. काही शिव्या घालत उतरायचे. बना माहेरी गेली नाही. का गेली नाही, हे तिला लोकांनी खूप विचारलं, सासूनं कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षापासून खाचरात पुन्हा भात लागलं. दोघी मिळून लावायच्या, मिळून काढायच्या, आणि जगनचं नाव दोघींच्या तोंडून क्वचितच निघायचं.

एक गोष्ट मात्र वाडीला खटकायची. पारूबाई आता सगळ्यांच्या आधी जेवायची. चुलीवरून पहिली भाकरी उतरली की ती तिची. नवं मडकं उघडलं, नवं पोतं फोडलं, की त्यातला पहिला घास तिचा, आणि त्यानंतर बराच वेळ ती बना आणि कमळाला ताटाला हात लावू द्यायची नाही. पोर रडायची, तरी नाही.

"लेकरू उपाशी आन् म्हातारी जेवती," पाणवठ्यावर बायका बनाला ऐकवायच्या. "पोरगा खाल्ला, आता नातीच्या तोंडचाबी खाती."

बना हंडा भरून घ्यायची आणि एवढंच म्हणायची, "जेवू द्या. त्यांना भूक लागती." घरी तिनं भाकरी थापायची वेळ हळूहळू अलीकडं ओढली, म्हणजे पोरीला फार थांबावं लागणार नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली. पारूबाई वाळत गेली. तिला काही मोठं दुखणं झालं नाही. पौषात एका संध्याकाळी बनानं नव्या तांदळाची भाकरी केली आणि नेहमीप्रमाणे पहिली सासूपुढं ठेवली. पारूबाईनं घास मोडला, सावकाश चावला, गिळला. मग भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. त्या रात्री ती झोपेत गेली. पण त्याआधी, कमळा ताटली घेऊन समोर ताटकळत बसली होती तेव्हा, तिनं डोळे उघडले आणि चुलीकडं वळून म्हणाली, "भाकरी बरी झालीया, बना. वाढ तिला."